पट्टीतले तीन मिलिमीटर

बेळगावच्या उद्यमबागेत, ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने म्हणजे पॅटर्न बनवणाऱ्या एका कारखान्यात आज माझी ३० सेंटिमीटरची पट्टी तिथल्या मिस्त्रीमामांच्या ३० सेंटिमीटरच्याच पोलादी पट्टीशेजारी सहज ठेवली, तर त्यांची ३ मिलिमीटरने लांब निघाली.

मी चूक दाखवली. सागवानी पॅटर्नवर रंधा मारता मारता मामा हसले. “पट्टी बरोबरच हाय. बीड थंड झालं की आकसतंय न्हवं!”

वितळलेले बीड (ओतीव लोखंड) वाळूच्या साच्यात थंड होताना सुमारे १ टक्क्याने आकसते. म्हणून ज्या लाकडी पॅटर्नभोवती ती वाळू ठासतात, तो मुळातच तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी गणित करण्याऐवजी ती वाढ पट्टीच्या रेघांमध्येच पसरवलेली असते. पोलाद जवळजवळ दुप्पट आकसते, त्यामुळे त्याची पट्टी वेगळी. (खिळ्यावरच्या तीन पट्ट्यांतली हवी ती मामा न बघता उचलतात, मी दोनदा चुकलो.)

बेळगावच्या ओतकामाचा अभिमान आम्ही लहानपणापासून मिरवतो, पण डोळ्यांपुढे असते ती भट्टीच. लोखंडाचे आकसणे कोणीतरी आधी लाकडात मोजून ठेवलेले असते, हे मला कधी सुचले नव्हते.

परतताना खानापूर रोडवर गटाराच्या बिडाच्या झाकणापाशी थांबलो. ते ६० सेंटिमीटरचे असेल, तर त्याचा पॅटर्न ६ मिलिमीटर मोठा असणार. तो कोणी घडवला असेल?