रिगिअर लॉग, भाग ३: चार्ट टायर बघतो, चढ बघत नाही

मागच्या भागात जीपला ३५ इंची टायर बसवून झाले इथपर्यंत लिहिलं होतं. आता रिगिअर, म्हणजे त्या टायरांना साजेसे डिफचे (ॲक्सलवरचा डिफरन्शियल, जो इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवतो) गिअर बदलणं. त्यानंतर चार महिने गाडी तशीच चालवली आणि खरं सांगू का, त्या चार महिन्यांत गाडीवरचं प्रेम जरा आटलंच. दिसायला एक नंबर, सिग्नलला लोक वळून बघतात, पण सिग्नल सुटला की मागचा प्रियसवाला हॉर्न द्यायला मोकळा.

नवीन लोकांसाठी परत एकदा: २०१४ ची चार दारांची रँग्लर जेके, स्पोर्ट, ३.६ पेंटास्टार, पाच गिअरची ऑटोमॅटिक, फॅक्टरीतून ३.२१ चे डिफ (शाफ्ट ३.२१ वेळा फिरला की चाक एकदा) आणि २२५/७५ आर१६ चे टायर, म्हणजे साधारण २९.३ इंची. आता खाली ३१५/७० आर१७ आहेत. त्यांना ३५ म्हणतात सगळे, पण टेप लावली तर ३४.५ च भरतात, ३५ हे फक्त मित्रांना सांगायला. राहतो डेन्व्हरला, म्हणजे आमचं पार्किंगच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर. आणि वीकेंडला कुठल्याही ट्रेलला जायचं तर आय-७० हायवे धरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढायचं, तो अकरा हजार फुटांच्या वर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी बोगदा थोडा वरच राहतो.

तर झालं काय होतं. टायर १८ टक्के उंच झाला म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १८ टक्के जास्त पुढे जाते, म्हणजेच गिअरिंग तेवढंच ढिलं पडलं. ३.२१ चा आता जणू २.७३ झाला. त्यात नवीन चाक बाथरूमच्या काट्यावर ठेवून बघितलं, टायर-रिम मिळून ४३ किलो, जुनं २५. (काटा बायकोचा आहे, त्यावर काळा गोल डाग पडलाय, तो विषय वेगळा.) वर स्टीलचा बंपर, विंच. आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद सोडतं, म्हणजे कागदावरच्या २८५ घोड्यांतले बोगद्यापाशी १९० च्या आसपास उरतात. वाटेतल्या जॉर्जटाऊनच्या पुढे ५५ मैलांच्या स्पीडला चौथ्यात इंजिन १७०० आरपीएमवर घरघरतंय, दम नाही, मग धाडकन तिसरा, तिथे २४००, तिथेही चढ ओढवत नाही, मग दुसरा आणि एकदम पावणेचार हजार, सगळी गाडी किंचाळतेय. परत जरा सपाटी आली की वर, परत खाली. तासभर हेच. पाचवा गिअर मी चार महिन्यांत बहुतेक फक्त कॅन्ससच्या दिशेला जाताना वापरला.

आता रेशो निवडायचा. इथे आधी एक घोळ मिटवू, कारण पुण्यातल्या दोघांनी मेसेज करून विचारलंय की मोठा आकडा म्हणजे गिअर वरचा की खालचा. आकडा मोठा = गिअर खालचा = ओढ जास्त, टॉप स्पीडला आरपीएम जास्त. ४.८८ म्हणजे पिनियनला (शाफ्टच्या टोकाचा लहान गिअर) ८ दात आणि क्राउनला (तो फिरवतो ती मोठी रिंग) ३९, प्रोपेलर शाफ्ट पावणेपाच-पाच वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. ४.५६ ला ९ आणि ४१. ५.१३ ला ८ आणि ४१. आपल्याकडे मेकॅनिक ‘क्राउन-पिनियन बदलला’ म्हणतात ना, तेच हे, फक्त पुढे-मागे दोन्हीकडे करावं लागतं, कारण फोर बाय फोर टाकल्यावर दोन ॲक्सलचे रेशो वेगळे असतील तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) तेरावं घालायची वेळ येते.

साधं गणित असं की ३.२१ ला ३४.५ ने गुणा, २९.३ ने भागा, येतो ३.७८. म्हणजे फॅक्टरीसारखं फीलिंग हवं तर ३.७३ पुरे. इथेच बरेच जण फसतात असं माझं मत. हे गणित फक्त टायरची उंची भरून काढतं, वाढलेलं वजन नाही, हवा नाही, आणि मुळात ३.२१ फॅक्टरीतूनच मायलेजसाठी दिलेला रेशो होता, तो स्टॉक टायरवर पण या चढावर हाफायचा. जो आजारी होता त्याला परत तेवढंच आजारी करून काय मिळणार.

मग ६५ मैलांना पाचव्यात आरपीएम किती, हा सगळ्यांचा आवडता चार्ट. माझ्या टायरवर ३.२१ ला १६९०, ४.५६ ला २४००, ४.८८ ला २५६०, ५.१३ ला २७००. (मैल गुणिले डिफचा रेशो गुणिले गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात. वहीच्या पाठीमागे लिहून ठेवा, कुठलंही ॲप लागत नाही.) ४.५६ आणि ४.८८ मध्ये फरक किती, तर १६०-१७० आरपीएमचा. यावर लोक रात्र रात्र भांडतात.

मी वेगळं बघितलं. डिफचा रेशो आणि गिअरचा रेशो गुणून टाकला. जेकेच्या ऑटोमॅटिकमध्ये तिसरा १.४१, चौथा १.००, पाचवा ०.८३. जुना तिसरा येतो ४.५३. नवीन चौथा ४.८८ वर येतो ४.८८ च. म्हणजे जो चढ मी आधी तिसऱ्यात रडत-खडत चढायचो तो आता चौथ्यात, आणि त्याहून थोडी जास्तच ओढ घेऊन. आणि तिसरा अजून खाली हाताशी शिल्लक. ४.५६ ला नवीन चौथा बरोब्बर जुन्या तिसऱ्याइतका होतो, म्हणजे चाललं असतं, पण २४०० ला तो तिसरा कमी पडत होता हे मी रोज बघितलं होतं. म्हणून ४.८८. तुमचा घाट कुठल्या गिअरमध्ये जातो ते बघा, हायवेचा आरपीएम नंतर.

५.१३ का नाही? पुढचा ॲक्सल डॅना ३० आहे, रुबिकॉनसारखा (रँग्लरचं ऑफ-रोडवालं मॉडेल) दणकट डॅना ४४ नाही. रेशो जसा खाली जातो तसं पिनियनचं डोकं बारीक होत जातं, आणि लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) टाकून दगडात पाय दाबायची माझी सवय मला माहितीये. रुबिकॉनची ४ टू १ ट्रान्सफर केस पण माझ्याकडे नाही, माझी २.७२ ची, तरी क्रॉल रेशो (पहिला गिअर, ट्रान्सफर केसची लो-रेंज आणि डिफ यांचा गुणाकार) ३१ वरून ४७.६ वर गेला. ४.१० चे डिफ असलेली रुबिकॉन ऑटोमॅटिक ५९ च्या जवळ असते. चालतंय.

एक मजा सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पण ४.८८ च होता. साठ घोडे, तीन गिअर, वरचा गिअर १ टू १, त्या लोकांना दुसरा पर्यायच नव्हता. नंतरच्या सिव्हिलियन सीजे-टूएला ५.३८. मामाच्या गावी वडापची जीप अठरा माणसं घेऊन चढायची, ती कशी चढायची ते आता कळतंय.

मागचा ॲक्सल शेजारच्या काकांच्या गराजमध्ये केला. हे काका अमेरिकन, सत्तरीचे, ट्रक मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, मी काका म्हणतो, त्यांना आता सवय झालीये. त्यांची पहिली अट: जुनं बेअरिंग फेकायचं नाही. त्याची आतली बाजू घासून मोठी केली आणि ते सेटअप बेअरिंग झालं, हाताने सरकतं, त्यामुळे शिम (पातळ पत्र्याची चकती) बदलायला दरवेळी प्रेसवर जायला नको. हे आधी माहीत नसतं तर मी रडलो असतो, कारण पाच वेळा उघडला.

दातांना पिवळी पेस्ट लावायची, अगदी हळदीच्या कार्यक्रमासारखी, आणि क्राउनला जरा ब्रेक धरून फिरवायचं. पेस्ट जिथून पुसली जाते तिथे दात टेकतायत. माझा पहिला ठसा दाताच्या पार मुळाशी, म्हणजे पिनियन फार आत घुसलेला. शिम कमी केली, तीन हजारांश इंच. ठसा वर आला पण आता दाताच्या आतल्या टोकाकडे सरकला, मग बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) वाढवला. डायल गेजवर ६ ते १० हजारांश हवं होतं, आठवर थांबलो. पाचव्या वेळी दाताच्या मधोमध लांबट, भाकरीच्या पापुद्र्यासारखा ठसा आला तेव्हा काका काहीच बोलले नाहीत, फक्त कॉफी आणायला आत गेले. म्हणजे पास.

पहिली वीस मिनिटं हळू चालवून पूर्ण गार होऊ दिली, हेच दोन-तीनदा, ५०० मैलांपर्यंत टोइंग नाही, मग ऑइल बदललं. ऑइलमध्ये चकाकी होती पण तुकडे नव्हते. टायरचा साईज आणि नवीन रेशो दोन्ही कंप्युटरला सांगितले, आधी मीटरवर ६० दिसायचे तेव्हा खरे ७० असायचे, पोलिसाने धरलं असतं तर काय सांगणार होतो, टायर मोठे आहेत साहेब?

गेल्या शनिवारी बोगद्यापर्यंत गेलो. ५५ ला चौथ्यात, २६००, आणि तो तिथेच राहिला. एकदाच तिसरा पडला, एका आरव्हीला (घरासारखी मोठी गाडी) ओलांडताना. ४५ च्या आसपास पाय सोडला की मागून बारीक शीळ येते, काका म्हणतात चालवत राहा, मला ती झोपेत पण ऐकू येते.

पुढचा अजून राहिलाय. विकणाऱ्याने लो-पिनियनचं किट पाठवलं, जेकेचा डॅना ३० हाय-पिनियन असतो (पिनियन क्राउनच्या मध्याच्या वर), त्याचे दात उलट्या बाजूने कापलेले लागतात. बॉक्स उघडल्या उघडल्या दिसलं ते नशीब. शिवाय ३.२१ च्या कॅरिअरवर (क्राउन ज्यावर बोल्टने बसतो तो भाग) ही क्राउनची रिंग बसते का तेही ऑर्डर करायच्या आधी विचारून घ्या, मी नंतर विचारलं. किट परत गेलंय, दुसरं यायला दोन आठवडे म्हणे. तोवर पुढे ३.२१, मागे ४.८८, आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर टू-एच (फक्त मागची दोन चाकं) मध्ये, त्यावर निळी मास्किंग टेप गुंडाळलीये आणि मुलीने तिच्यावर मराठीत लिहिलंय, ‘बाबा हात लावू नका’.