धोट्यापासून पेटीपर्यंत: आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप मूळचं अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. यंत्रमागाला लागणारं लाकडी सामान, धोटे (आडवा धागा इकडून तिकडं नेणारे), मागाचे बारीकसारीक भाग दुरुस्त करून द्यायचे, सोबत कुणाची खिडकी, कुणाचा पाट असं चाललेलं. सोलापुरात मागाचा खडखडाट होता तोवर आमचा रंधा पण चालत होता. मग माग कमी होत गेले, नवीन मशिनला धोटाच लागत नाही, आणि आम्ही दोघं बापलेक दुपारभर दुकानात बसून माश्या मारायला लागलो. पुढं जाऊन ह्याच माश्या पोटाला घालतील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर अण्णांनी त्याला रंधाच फेकून मारला असता.

सुरुवात अगदी साधी झाली. सांगोल्याकडचे एक डाळिंबवाले मामा टेम्पोत एक जुनी मधपेटी घेऊन आले, बूड वाळवीनं खाल्लेलं, म्हणाले हिला नवीन बूड लावा आणि जमलं तर अशाच दहा करून द्या. मी टेप लावला, बाहेरून माप घेतलं, माश्या ज्यात पोळं बांधतात त्या आतल्या फ्रेमा मोजल्या आणि आठ दिवसांत दहा पेट्या करून दिल्या. फिनिशिंग असं की अण्णा पण खूश. दोन महिन्यांनी मामांचा फोन, "ओ शेट, फ्रेमच निघंना की, सगळं चिकटून बसलंय." जाऊन बघतो तर माश्यांनी फ्रेम आणि पेटीच्या भिंतीच्या मधल्या फटीत आडवंतिडवं पोळं बांधलेलं, एक फ्रेम ओढली की शेजारची तुटायली, मध गळायला, माश्या अंगावर. मला त्या दिवशी अकरा डंख बसले. पैसे त्यांनी मागितले नाहीत, पण मला रात्रभर झोप नाही, आणि ती काय नुसती सूज आली म्हणून नव्हे.

मग कुणीतरी सांगितलं पुण्याला जा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, 1962 पासूनची, खादी आयोगाची. तिथं ट्रेनिंग घेतलं. तिथं कळलं की माशीला ये-जा करायला जी फट लागते ती साधारण 6 ते 9 मिलिमीटर, त्यापेक्षा कमी ठेवली तर ती डिंकासारख्या चिकट्यानं बुजवून टाकते आणि जास्त ठेवली की तिथं पोळं बांधते. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन माणसानं 1851 साली ही गोष्ट ओळखली आणि त्यावरच आजची सुट्या फ्रेमची पेटी उभी आहे. एवढे मिलिमीटर म्हणजे आमच्या सुतारी भाषेत बघा, दोन ते तीन सूत! आणि आम्ही सूत-दोन सूत इकडंतिकडं "चालतंय की" म्हणून खपवणारी माणसं. माशी खपवून घेत नाही. त्या मामांच्या दहाच्या दहा पेट्या मी आतून परत बांधून दिल्या, फुकट.

पेट्या चांगल्या व्हायला लागल्या, खपायला पण लागल्या. पण वर्षभरानं एक गोष्ट लक्षात आली. माझीच पेटी एका ठिकाणी कोंबडीला अंडी घालायला ठेवलेली, दुसरीकडं तिच्यात स्प्रेअरचे नोझल आणि पाने, आणि अक्कलकोट रोडला एकांनी तर टीव्हीखाली ठेवलेली, वर क्रोशाचं कापड. माश्या कुठंत? "उन्हाळ्यात गेल्या ओ उडून." माणूस एकदा माश्या गमावून बसला की परत पेटी घेत नाही, आणि चार जणांना सांगतो पण की हा धंदा काय खरा नाही. म्हणजे माझा माल जेवढा जास्त खपेल तेवढं माझंच मार्केट बुडणार, असा हिशोब होता.

म्हणून पहिली बैठक बोलावली. गिऱ्हाइकांच्या वहीतून वीस-बावीस फोन केले, आले सात. वर्कशॉपातच भुशावर पोतं टाकून बसलो, चहा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मी पुण्याच्या वहीतून वाचून दाखवायला लागलो तर दहा मिनिटांत दोघं मोबाईल बघायला लागले. तेव्हा वही ठेवली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमधली माझीच पेटी उघडली. मग जे प्रश्न सुरू झाले ते दुपारी दीडपर्यंत! राणी कुठली, नर कुठला, हे टोपणावाणी फुगलेलं काय, ही रांगत चालली ती आजारी आहे का. अंडं घातल्यापासून राणी 16 दिवसांत बाहेर पडते, कामकरी 21, नर 24, हे मी वहीतून सांगितलं होतं तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, फ्रेमवर बोट ठेवून दाखवल्यावर अक्कलकोटकडच्या मामांनी ते कानडीत शेजारच्याला समजावून सांगितलं. आमच्या बैठकीत हे कायम असतं, कुणी मध म्हणतं, कुणी जेनु, पूर्व भागातले तेलुगूवाले तेने म्हणतात, आणि डंख बसल्यावर मात्र सगळे मराठीत शिव्या देतात.

तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक असतेच. आधी फुकट होती, नुसतं खाऊन जाणारे पण यायचे, आता शंभर रुपये घेतो, त्यात चहा-भाकरी. गर्दी कमी झाली, प्रश्न वाढले.

सगळ्यात जास्त डोकं आम्ही उन्हाळ्यावर घालवलंय. पुस्तकात काळजी पावसाळ्याची असते, आपल्याकडं खरा दुष्काळ एप्रिल-मे. पोळ्यात पिलं वाढायला 34-35 डिग्री लागतात आणि बाहेर सोलापूरचं ऊन 43-44, म्हणजे बिचाऱ्या कामकरी मध गोळा करायचा सोडून पाणी आणायचं, पोळ्यावर शिंपडायचं आणि पंखांनी वारा घालायचा, हेच करत बसतात. मेण मऊ पडतं, मधानं भरलेलं पोळं फ्रेममधून सुटून खाली येतं. मग कुणी सांगितलं पेटीवर ओलं पोतं टाका, कुणी सांगितलं उसाच्या पाचटाचा मांडव, मंगळवेढ्याच्या बचत गटातल्या एका ताईंनी परातीत पाणी आणि खडे टाकून ठेवायची आयडिया आणली, म्हणजे माशीला पाय ठेवायला जागा आणि बुडत नाही. पाण्याला लांब जावं लागत नाही तेवढी तिची मेहनत वाचली. ह्यातलं निम्मं कुठल्याच क्लासमध्ये शिकवलं नव्हतं.

20 मे ला जागतिक मधमाशी दिन असतो. स्लोव्हेनियाच्या आंतोन यान्शा ह्या जुन्या मधपाळाच्या नावानं, संयुक्त राष्ट्रांनी 2017 साली ठरवलेला. तिकडं मे महिना फुलांचा असेल, आपल्याकडं त्या दिवशी करंज सोडला तर बघायला फूल नसतं. तरी आम्ही साजरा करतो, पण सकाळी सात वाजता, केक-बिक नाही, विषय एकच: कुणाच्या किती वसाहती, म्हणजे माश्यांनी भरलेल्या पेट्या, तग धरून आहेत. मागं एकांनी हॉल घेऊन बॅनर लावून दुपारी कार्यक्रम ठेवला होता, एसी चांगला होता एवढंच आठवतंय.

बाहेर पण जातो. एकदा क्रूझर करून महाबळेश्वरला गेलो, खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय बघितलं आणि जवळच मांघर, ते 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते. तिथं घराघरात सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव माशीच्या, पेट्या. आमच्यातल्या निम्म्यांना तिथंच राहावंसं वाटलं. पण येताना गाडीत भांडण, कारण तिथं पावसाळ्यात माश्या घरात अडकतात म्हणून साखरेचा पाक देतात आणि आपल्याकडं पाक लागतो उन्हाळ्यात, मग त्यांचं वेळापत्रक इथं चालवून काय उपयोग? ते भांडण टेंभुर्णीपर्यंत चाललं आणि त्यातूनच आमचं सोलापूरचं स्वतःचं कॅलेंडर तयार झालं: हस्त बहाराला (पावसाळा संपतानाचा फुलोरा) डाळिंब, मग तूर, फेब्रुवारी-मार्चला कांद्याचं बीज, मग कडुलिंब, करंज. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जायचं ठरलं तेव्हा आमच्यातला एक म्हणाला, मोहोळ शिकायला मोहोळला, ह्यापेक्षा भारी पत्ता कुठला.

खरं शिक्षण मात्र एका सकाळी झालं. आमच्या बारा पेट्या एका डाळिंबाच्या बागेत परागीभवनासाठी भाड्यानं दिलेल्या. शेजारच्या शेतकऱ्यानं सकाळी नऊला फवारणी केली, ऐन माश्या फुलावर असताना. संध्याकाळी पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा थर, मुठीनं उचलावा असा. मी चिडून बैठकीत त्या माणसाला बोलवा म्हटलं, भांडायलाच. तो आला, सगळ्यात मागं बसला, आणि शांतपणे म्हणाला, "मला कुणी सांगितलं होतं का?" गप्पच बसलो सगळे. आता पेट्या ठेवायच्या आधी आजूबाजूच्या शेतांवर जाऊन सांगतो, फवारायचं असेल तर दिवस मावळल्यावर, आदल्या दिवशी फोन करा, आम्ही पेट्यांची दारं बंद करू. तोच माणूस आता कांदा बियाण्याला दर वर्षी पेट्या घेतो. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि बीज धरणारा भाग नंतर तयार होतो, त्यामुळं एका गोंड्यावरनं दुसऱ्यावर जाणारी माशी नसली की गोंडे पोकळ राहतात, हे तो आता माझ्यापेक्षा चांगलं समजावतो.

धंद्याचं म्हणाल तर आज पेट्या विकण्यापेक्षा भाड्याचं काम जास्त, मध तिसऱ्या नंबरला. सरकारच्या मध केंद्र योजनेत 50 टक्के अनुदान मिळतं म्हणून लोक येतात, त्यातले काही नुसत्या सर्टिफिकेटसाठी, त्यांना मी सरळ सांगतो की आमच्याकडं कागद मिळत नाही, फक्त डंख मिळतो. एका ऑफिसात आमच्या एका पोराची फाईल आठ महिने फिरली, तोवर त्यानं बैठकीतल्यांकडनं दोन वसाहती उसन्या घेतल्या आणि आज त्याच्याकडं तीस आहेत. त्यानं त्या दोन परत पण केल्या, ते महत्त्वाचं. अण्णा आता ऐंशीचे, बैठकीला येतात, फ्रेमचा सांधा अंगठ्यानं चाचपतात आणि सूत चुकलं की सगळ्यांसमोर माझी काढतात.

जानेवारीची बैठक तेवढी सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेनंतरच्या रविवारी, शेतात, हुरड्यासोबत. येताना जाळी आपापली आणा. दुकानात बाराच होत्या, आता अकरा आहेत, मागच्या वेळी कुणाच्या डोक्यावर राहून गेली असेल त्यानं गुपचूप आणून खिळ्याला अडकवा, मी विचारणार नाही.