लिनक्स जागं होण्याआधीचं अर्धं मिनिट

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. १ ऑगस्टला ट्रॉलर समुद्रात जातात आणि त्याआधी त्यांच्या पोटात बर्फ भरलेला असावा लागतो. मालिम जेटीजवळच्या एका बर्फ कारखान्यातून मला फोन आला तो बंदीच्या शेवटच्या आठवड्यात. वीज जाऊन परत आली की अमोनियाचा कॉम्प्रेसर ट्रिप होतो, अशी तक्रार. पण दर वेळी होत नव्हता, आणि तेच सगळ्यांना छळत होतं.

फोंड्याहून निघून पोचले तोवर शेट हैराण झालेले. माझ्याआधी येऊन गेलेल्यांनी कंट्रोलरच्या इशाऱ्यावर यंत्रांचे स्विच ओढणारं रिले कार्ड बदललं होतं, चोवीस व्होल्टचा पॉवर सप्लाय बदलला होता. कंट्रोलर बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या प्रोग्रामरने फोनवरून प्रोग्रामची पहिली ओळ वाचून दाखवली होती. ती ओळ कॉम्प्रेसरचा रिले बंद करते. त्यामुळे दोष विजेच्या झटक्यांचा, असं ठरून गेलं होतं.

कंट्रोलर म्हणजे बीगलबोन ब्लॅक. २०१३ साली आलेला हा छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स चालतं आणि दोन्ही कडांना ४६-४६ पिनांचे दोन पट्टे, पी८ आणि पी९. त्याचं इथलं मुख्य काम क्रम सांभाळण्याचं. आधी कंडेन्सरवर पाणी सोडणारा पंप, मग मिठाच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी ढवळणारं अ‍ॅजिटेटर, मग कॉम्प्रेसर. कंडेन्सरवर पाणी नसताना कॉम्प्रेसर चालला तर तापलेला अमोनिया थंड व्हायला जागाच उरत नाही, डिस्चार्जचा दाब चढत जातो आणि हाय प्रेशर कटआउट मोटर बंद करतो. मूळ पॅनेल ज्या कोणी बांधलं त्याने हा कटआउट थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या वायरीत घातला होता, संगणकाला मध्ये न आणता. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण एवढे दिवस मोठा अपघात टळला तो त्याच्यामुळे.

मी बोर्डवर लॉगिन केलं. पिनांची अवस्था तपासली, सगळं बरोबर. कॉम्प्रेसरची पिन जीपीआयओ (साधी चालू-बंदची पिन), आउटपुट, शून्यावर. सुरुवातीचा क्रम प्रोग्राममध्ये चोख लिहिलेला. मी लॅपटॉपवर मान घालून बसलेली असताना ऑपरेटर काका मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाय, तुम्ही सगळी माणसं लाईट असताना येता. लाईट आली की आधी कॉम्प्रेसर उठतो आणि पंप मागाहून. मी पयल्यापासून सांगतोय."

खरंच सांगत होते. लॉगबुकात त्यांच्या अक्षरात तारखांसकट नोंदी होत्या, आणि त्यात अजून एक गोष्ट होती जी कोणी वाचली नव्हती: रात्री पाऊस असला तर ट्रिप नाही, उघडीप असली तर ट्रिप. कंडेन्सर उघड्यावर आहे. पावसाने तो भिजलेला असला की पंपाशिवायही थोडा वेळ निभावतो. दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही याचं अर्धं उत्तर त्या वहीत पडून होतं. संगणकाच्या लॉगवर आमच्या लोकांचा जेवढा विश्वास असतो त्याच्या चौथ्या हिश्शाने जरी ऑपरेटरच्या वहीवर असता, तर शेटचा रिले कार्डाचा खर्च वाचला असता.

मोटरचे मुख्य फ्यूज काढून घेतले, फक्त कंट्रोलचा पुरवठा ठेवला आणि काकांना मेन बंद करून चालू करायला सांगितलं. मेन चालू होताच कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर खाडकन बसला. अर्ध्या मिनिटाच्या आसपास तसाच बसून राहिला, मग सुटला. मग पंप आला, अ‍ॅजिटेटर आलं, आणि योग्य वेळ थांबून पुन्हा कॉम्प्रेसर. प्रोग्रामरची पहिली ओळ खरी होती, पण ती चालायला आधी लिनक्स उठावं लागतं. त्याआधीचं अर्धं मिनिट कोणीच बघितलं नव्हतं.

ते अर्धं मिनिट थांबवून ठेवता येतं, आणि या कामातला हा भाग मला फार आवडतो. बोर्डवर सिरियल कन्सोलच्या, म्हणजे केबलने बोर्डाशी थेट बोलायच्या, सहा पिना आहेत. तिथे तीन पूर्णांक तीन व्होल्टची केबल लावायची, १,१५,२०० चा वेग ठेवायचा, पुरवठा देताना स्पेसबार दाबून धरायचा. यू-बूट, म्हणजे लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम, तिथेच थांबतो. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल नाही, पिनांची मांडणी सांगणाऱ्या डिव्हाइस ट्री आणि ओव्हरले या फाइली नाहीत, प्रोग्राम नाही. कॉन्टॅक्टर मात्र बसलेला. मल्टिमीटरची टोकं कॉम्प्रेसरच्या पिनेवर, पी८.०७ वर, ठेवली: पिन वर ओढलेली. मग यू-बूटमधूनच त्या पिनचं रजिस्टर, म्हणजे तिची मांडणी ठरवणारा चिपमधला कप्पा, वाचलं, पत्ता ४४ई१०८९०. आलेला आकडा हेक्समध्ये ३७.

बायनरीत तो ११०१११, उजवीकडून वाचायचा, आणि या आकड्यात सगळं आहे. शेवटच्या तीन बिटांत ७, म्हणजे पिन जीपीआयओ आहे. पुढचा बिट शून्य, म्हणजे आतला रेझिस्टर जोडलेला. त्यापुढचा एक, म्हणजे तो वर ओढतो. त्यापुढचा एक, म्हणजे इनपुट चालू. कोणी काही सांगण्याआधी चिप ही पिन स्वतःहून वर ओढून ठेवते. शेजारच्या बऱ्याच पिना याच चिपवर जन्मतः खाली ओढलेल्या असतात, त्यांचा आकडा २७. पी८.१९ अशीच, आणि कॉम्प्रेसर मुळात तिथेच होता. गेल्या हंगामात कंडेन्सरच्या पंख्याचा वेग बदलण्यासाठी पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होऊन वेग ठरवणारा सिग्नल) हवा झाला, तो पी८.१९ वर मिळतो, म्हणून कॉम्प्रेसर उचलून पी८.०७ वर टाकला. बोर्डाच्या माहितीपुस्तकातल्या तक्त्यात प्रत्येक पिनेचे आठ मोड दिलेत. त्या तक्त्यात दोन्ही पिना सारख्याच जीपीआयओ. रीसेटनंतर कोणती वर आणि कोणती खाली, हे एएम३३५एक्स चिपच्या डेटाशीटमध्ये वेगळ्या स्तंभात आहे, आणि तिथवर कोणी जात नाही.

चिपचं हे ओढणं अगदी दुबळं, १०० मायक्रोअँपच्या घरातलं. पण रिले कार्डावर मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर होता, त्याच्या गेटला (चालू-बंद करणाऱ्या टोकाला) विद्युतप्रवाह लागतच नाही, आणि गेटपासून जमिनीला फक्त १०० किलोओहमचा रेझिस्टर. एवढ्यावर रिले ओढला जातो. कार्ड बदललं तरी नवंही तसंच, म्हणून बदलण्याने काही झालं नाही.

मग वर्षभर का चाललं? पॅनेलमध्ये छोटा यूपीएस होता. वीज गेली तरी बोर्ड बंद पडत नव्हता, म्हणून ते अर्धं मिनिट कधी यायचंच नाही. मे महिन्यात त्याची बॅटरी मेली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

गेटला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला. १०० मायक्रोअँप त्यावर अर्धा व्होल्टही उभा करू शकत नाहीत. कॉम्प्रेसर पी८.१४ वर नेला, ती रीसेटला खाली असते. ओव्हरले बदलला, बॅटरी बदलली. आणि पंपाच्या पाइपातला फ्लो स्विच कॉम्प्रेसरच्या कॉइलशी वायरीनेच जोडायला लावला, शेट कुरकुरले तरी. अमोनियाच्या यंत्राची सुरक्षितता लिनक्सच्या भरवशावर ठेवायला मी तयार नाही. मग यू-बूटमध्ये थांबवून, मेन पाडून, बॅटरी काढून, सगळ्या तऱ्हांनी बघितलं. कॉन्टॅक्टर जागचा हलला नाही.

कंत्राटदाराला सगळं लिहून पाठवलं, रजिस्टरच्या आकड्यासकट. उत्तर आलं की पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये दुरुस्त करू. हेच मला अजून सोडत नाही. सॉफ्टवेअर सुरू होण्याआधी जे घडतं ते सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होणार कसं? शिवाय हीच पिनांची यादी आणि हेच कार्ड त्यांनी दुसऱ्या जेट्यांवरच्या कारखान्यांतही लावलंय, तिथल्या पॅनेलमध्ये कटआउट कसा जोडलाय ते मला माहीत नाही.

काकांची तिकडच्या ऑपरेटरांशी ओळख आहे. मी त्यांना एवढंच विचारायला सांगितलं, लाईट परत आली की आधी आवाज कशाचा येतो? काल त्यांचा फोन आला. एका ठिकाणी आधी कॉम्प्रेसरचा येतो, आणि तिथला यूपीएस काढून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावलाय. मी त्या शेटचा नंबर मागून घेतला आहे.