दोन विती

रात्री अकराला वनखात्यातल्या ओळखीच्या रक्षकाचा फोन आला. "ताई, दवाखाना उघडता का? रेल्वेगाडीत एका पिशवीत माकडाचं पिल्लू सापडलंय." मी तशीच दांडिया बाजारातून स्कूटर काढली.

पिल्लू नव्हतं ते. पुरता वाढलेला लोरिस होता, माकडांच्या दूरच्या नात्यातला रात्री हिंडणारा प्राणी, वजन 240 ग्रॅम. शेपूट नाही, काटकुळे हातपाय आणि चेहरा म्हणजे नुसते डोळे. पुस्तकात कितीदा पाहिलेला, समोर पहिल्यांदाच. हा दक्षिणेतला प्राणी, बडोद्यात त्याचं काय काम! कमरेला सुतळी इतकी आवळलेली की कातडी फाटली होती. डोळ्यांत वशीकरणाची ताकद असते असं सांगून जादूटोणा करणारे त्याला विकत घेतात. 1972च्या वन्यजीव कायद्यात तो वाघाबरोबर पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, तरीही.

सुतळी कापली, जखम धुतली, ट्यूबलाइट घालवली. त्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. माझा मदतनीस अंगणातल्या दिव्याखाली नाकतोडे धरत बसला. मी पिंजऱ्यात कडुलिंबाच्या दोन फांद्या उभ्या बांधल्या, एकीवर लोरिसला सोडलं, दुसरीवर नाकतोडे अडकवले आणि टॉर्चला लाल कागद लावून बसले.

तो टोकापर्यंत आला. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरली, अंग पुढे लांबवलं, हात हवेत चाचपडले. मधे दोन विती मोकळ्या होत्या. मग हळूहळू मागे सरकला. पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मला आठवलं, लोरिसला उडी मारताच येत नाही! माकडाला दोन विती म्हणजे काहीच नाही; याच्यासाठी तिथं जग संपतं. रानात रस्ता रुंद करताना वरच्या फांद्या तोडल्या की त्याला खाली उतरावं लागतं, जमिनीवर, कुत्र्यांच्या आणि चाकांच्या वाटेत. मधे एखादी वीजतार असली तर तो तीच धरतो.

मी सुताची दोरी बांधली. चार मिनिटांत तो पलीकडे होता, नाकतोडा दोन्ही हातांत धरून.

सकाळी रक्षक कागद घेऊन आले. "मूळ ठिकाण काय लिहू, ताई?" पिशवी बेवारस होती, सांगणारं कोणी नव्हतं. मलबारकडचा लोरिस लहान आणि तांबूस असतो. हा राखाडी, अंगानं मोठा, म्हणजे पश्चिम घाटाच्या पूर्वेकडच्या कोरड्या काटेरी रानातला असावा. तमिळनाडूत करूर आणि दिंडिगुल जिल्ह्यांत 2022 साली खास लोरिससाठी कडवूर अभयारण्य झालं, 11,806 हेक्टरांचं. पण असे किती तरी लोरिस अभयारण्याबाहेर, शेताच्या बांधांवरच्या झाडांत राहतात. त्यातलं याचं झाड कोणतं?

'मूळ ठिकाण' समोर मी 'बहुधा पूर्वेकडचं कोरडं रान' एवढंच लिहायला सांगितलं. खाली शेऱ्याच्या रकान्यात माझ्या हातानं लिहिलं: सोडाल तिथं झाडाला झाड लागलेलं असावं.