लाकडासारखी फरशी आणि पाण्याचा प्रश्न: माझा अनुभव

दिसायला लाकूड, पण ओल सोसणारी फरशी हवी, एवढंच माझं मागणं होतं. रंग एका दुपारी ठरला. अडले ते एकाच प्रश्नावर: पाणी सांडलं आणि रात्रभर तसंच राहिलं तर?

दुकानदार लॅमिनेट, म्हणजे लाकडी नक्षीचा कागद चिकटवलेल्या पट्ट्या, दाखवायचा आणि उत्तर दर वेळी तेच. 'एसी फोर आहे, बिनधास्त घ्या.' तिसऱ्या खेपेला मला रागच आला. एसीचा आकडा वरचा थर घासायला किती टिकतो ते सांगतो. मी विचारत होते पाण्याचं! लॅमिनेटच्या पोटात एचडीएफ, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा थर असतो. वरचं पाणी पुसता येतं, पण सांध्यातून आत गेलं की हा थर फुगतो आणि वाळल्यावरही पुरता बसत नाही.

शेवटी लॅमिनेट आणि एसपीसी, दोन्हींचे तुकडे मागून आणले आणि कापलेली कड खाली करून पाण्यात उभे केले. 24 तासांनी लॅमिनेटच्या कडेवरून नख फिरवलं तर अडकलं. कड टपोरी झाली होती, नक्षीचा कागद सुटायला लागला होता. एसपीसी जसाच्या तसा. तो चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीचा, फुगायला त्यात लाकूडच नाही. फुगलेला तुकडा काउंटरवर ठेवला, तेव्हा कुठे 'बाथरूमच्या दाराशी हे नका टाकू' असं ऐकायला मिळालं. पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर माझ्या तीन खेपा वाचल्या असत्या.

खोल्यांत एसपीसी घेतलं; न्हाणीघरात मात्र लाकडी नक्षीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स लावल्या. त्या 0.5 टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाहीत. खोल्यांत नको वाटल्या, कारण ग्राउटच्या (सांधे भरायच्या मसाल्याच्या) रेषा दिसल्या की लाकडाचा भास मोडतो.

हो, नमुन्याची एकच पट्टी बघून ठरवू नका. सात-आठ शेजारी मांडायला लावा. तीच गाठ पुन्हा पुन्हा दिसली तर छपाई लगेच उघडी पडते.

बसवण्याआधी कोबा तपासा. 45 सेंमीचा प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी टेप लावून निदान 16 तास ठेवायचा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट पडला, तर थांबायचं. माझा पडला. महिनाभर थांबले, जीव नुसता टांगणीला, पण दुसऱ्या वेळी कोरडा निघाला. भिंतीलगत 8 ते 10 मिमी फटही सोडायला लावा, पट्ट्या उन्हाने फुलतात.

परवा रात्री खिडकी उघडी राहिली आणि पाऊस आत आला. सकाळी पाणी पुसून एकेका सांध्यावरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही.