खंड्याची रात्रपाळी

कराड तालुक्यात पाळीव जनावरांचा दवाखाना चालवताना कुत्रा पळून जातो ही तक्रार माझ्याकडे बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस येते, कारण त्या काळात भटक्या कुत्र्या माजावर येतात आणि त्यांच्या वासाने घरोघरचे नर कुंपणे ओलांडू लागतात. त्यामुळे एका शाळेतील शिक्षक भर मार्चमध्ये आपल्या चार वर्षांच्या कारवानी कुत्र्याला घेऊन आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, ‘‘डॉक्टर, याची नसबंदी करा, नाहीतर रोज रात्री द्यायला एखादी झोपेची गोळी लिहून द्या,’’ तेव्हा मला ती मागणी थोडी अवेळी वाटली.

सर अगदी जेरीस आले होते. वसाहतीतील बंगल्याची पाच फुटांची भिंत त्यांनी आणखी एक फूट वाढवली, वर जाळी बसवली, तर खंड्याने फाटकाखालची माती उकरली. तिथे फरशी घातल्यावर तो पुन्हा भिंतीकडे वळला. शेवटी रात्री साखळी लावण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्याने ती चावून चावून एका सुळ्याचे टोक झिजवून घेतले. त्यातच एका रात्री तो मोटारसायकलला आडवा गेला आणि स्वार पडला. दुखापत किरकोळ होती. तथापि पाळलेल्या जनावराबाबत हयगय करून दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्या स्वाराच्या नातेवाइकांनी सरांना ऐकवले होते.

झोपेची गोळी देण्यास मी तत्काळ नकार दिला. गुंगीतला कुत्रा भिंतीवर चढायचा थांबेलच असे नाही, मात्र उडी चुकून त्याचा पाय मोडण्याची किंवा तो रस्त्यावर भेलकांडत वाहनाखाली जाण्याची शक्यता नक्की वाढते. नसबंदीचा विचार रास्त होता, कारण माद्यांमागे भटकणाऱ्या नराची भटकंती शस्त्रक्रियेनंतर बहुतेक वेळा कमी होते. मात्र टेबलावर उभा असलेला खंड्या त्या वर्णनात बसत नव्हता. माद्यांमागे गेलेला नर दोनदोन दिवस परतत नाही, खाणेपिणे सोडतो आणि मानेवर, कानांवर चाव्यांच्या जखमा घेऊन येतो. खंड्या पहाटेपर्यंत घरी येत असे, त्याचे वजन उत्तम होते आणि अंगावर एकही चावा नव्हता. नाकाडावर आणि कानांच्या कडांवर मात्र ब्लेडने ओढल्यासारखे बारीक ओरखडे होते आणि चारही पायांच्या बोटांमध्ये काळ्या मातीचा चिखल वाळून घट्ट बसला होता. मार्चमध्ये आमच्याकडे अशी ओली माती नुकत्याच पाणी दिलेल्या रानातच सापडते, आणि उसात शिरलेल्या माणसाच्या हातांवर पाचटाच्या काठाने उठणारे ओरखडे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

‘‘तुमचं शेत कुठं आहे, सर?’’ असे विचारल्यावर ते महामार्गापलीकडे, तीनेक किलोमीटरवर असल्याचे कळले. तिथल्या वस्तीवरच हे कुटुंब पूर्वी राहत असे आणि खंड्या तिथेच वाढला होता. आता शेती सरांचे वडील, आबा, पाहत. शेतीपंपाला दिवसा वीज असलेल्या आठवड्यात ते खंड्याला बरोबर नेत, परंतु आसपासच्या वस्त्यांवरून बिबट्याने कुत्री उचलल्यापासून रात्री त्याला न्यायचे नाही, असे सरांनी ठरवून दिले होते. रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, आबांच्या सोबतीला वाटेकरी असतो, असेही त्यांनी सांगितले.

भिंत पाहण्यासाठी मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. भिंत सांगितली त्यापेक्षा बुटकी होती, म्हणजे खंड्याच्या हिशेबाने. तिला लागून पाण्याची सिमेंटची टाकी होती आणि तिच्या कडेवर नखांचे ओरखडे उमटलेले होते. रेबीजची लस शेवटची कधी दिली हे विचारले, तेव्हा वहिनींनी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकाच काढून आणली. तिच्यावर दुधाचा हिशेब होता, गॅस सिलिंडरच्या तारखा होत्या आणि खंड्या पळाल्याच्या दिवशी वहिनींनी लाल शाईने फुली मारलेली होती. त्याच चौकोनांत कोपऱ्याला शिसपेन्सिलीने बारीक ‘रा’ लिहिलेले होते. ते कोणाचे अक्षर, असे मी विचारले. ‘‘मामंजींचं. रात्रीची लाइट असली की ते लिहून ठेवतात,’’ वहिनी म्हणाल्या. शेतीपंपांना वीज आळीपाळीने एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री मिळते, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. लाल फुल्या जवळजवळ सगळ्या ‘रा’च्याच आठवड्यांत पडल्या होत्या.

आबा ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते आणि आमचे बोलणे त्यांना पूर्ण ऐकू जात होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि एवढेच विचारले, ‘‘आबा, तो येतो तेव्हा किती वाजलेले असतात?’’ त्यांनी सरांकडे पाहिले, सुपारी तोंडात टाकली आणि मग म्हणाले, ‘‘मोटार चालू करून पहिली सरी भरेपर्यंत येतोच. कधी बोलावलं नाही मी त्याला.’’

त्यानंतर जे बाहेर आले ते कुत्र्याविषयी नव्हते. वाटेकरी दिवाळीतच काम सोडून गेला होता. मुलाला कळले तर तो रात्रीचे पाणी बंद करायला लावेल आणि ऊस वाळेल, या विचाराने सत्तरी ओलांडलेले आबा एकटेच बॅटरी आणि काठी घेऊन उसात उतरत होते. खंड्या बांधावर त्यांच्यापुढे चालत असे, उसाकडे तोंड करून गुरगुरत असे, अर्धी भाकरी खात असे आणि परतताना आबा त्याला महामार्गाखालच्या बोगद्याजवळून पुढे पिटाळत, म्हणजे दोघे एकत्र आल्याचे घरी कोणाला दिसू नये. सरांचा चेहरा प्रथम संतापाने लाल झाला. नंतर ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

घरातील तो प्रश्न सोडवणे माझे काम नव्हते, म्हणून मी माझ्या कामापुरते बोललो. लसीची तारीख उलटून गेली होती आणि रात्री रानात कोल्ह्यांशी किंवा भटक्या कुत्र्यांशी गाठ पडणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ते मुळीच चालणार नव्हते, त्यामुळे ती तिथेच टोचली. कुत्रा सदैव बांधून ठेवून त्याला फिरू न देणे हे 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही, हे सांगून साखळी काढायला लावली. टाकी भिंतीपासून दूर करावी आणि धनगर आपल्या कुत्र्यांना बिबट्यापासून संरक्षण म्हणून घालतात तसा लोखंडी काट्यांचा पट्टा खंड्याला करून घ्यावा, असेही सुचवले. तो पट्टा म्हणजे काही चिलखत नव्हे. त्यामुळे रात्री माणसेही दोन असावीत, हे मी मुद्दाम आबांच्या देखत म्हटले.

पुढच्या रात्रपाळीपासून शनिवार-रविवारी सर स्वतः आणि इतर दिवशी रोजंदारीवरचा एक तरुण आबांबरोबर जाऊ लागला. खंड्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात, असे वहिनींनी फोनवर सांगितले. ते दृश्य कायद्यात कितपत बसते याचा विचार मी केला नाही. भिंतीवरील उड्या थांबल्या.

सप्टेंबरमध्ये सर खंड्याला घेऊन पुन्हा आले. तो तीन दिवसांनी परतला होता, बरगड्या दिसत होत्या, पाय स्वच्छ होते आणि मानेवर दातांच्या खुणा होत्या. नसबंदीची तारीख मी त्याच भेटीत दिली.