पोसायडनच्या मुलखात

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची काशाची एक लहानशी मूर्ती आहे. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर रोमन काळातील इतर काही कांस्यवस्तूंबरोबर ती सापडली. समुद्र घाटाखाली आणि देव मात्र आमच्या गावात, याचे मला शाळकरी वयापासून नवल वाटत आले आहे. गेल्या सप्टेंबरात पत्नीबरोबर बारा दिवस सायक्लेड्स द्वीपसमूहात राहण्याचा योग आला, तेव्हा या देवाचा मुलूख पाहायला आपण निघालो आहोत, हीच भावना मनात होती.

अथेन्सच्या आग्नेयेला एजियन समुद्रात दोनशेहून अधिक लहानमोठी बेटे विखुरलेली आहेत. वस्ती त्यांपैकी जेमतेम दोन डझन बेटांवर आहे. ग्रीक भाषेत ‘कीक्लोस’ म्हणजे वर्तुळ. डेलोस या पवित्र बेटाभोवती कडे करून असलेली बेटे म्हणून समूहाला सायक्लेड्स हे नाव पडले. पाच नद्यांच्या संगमाचा अभिमान बाळगणाऱ्या आणि उसाच्या हिरवाईत वाढलेल्या माणसाला येथील पहिले दर्शन अस्वस्थ करणारे वाटते. येथे बारमाही मोठी नदी नाही, उन्हाळाभर पाऊस नाही, आणि डोंगरउतारांवर शतकानुशतके दगडावर दगड रचून बांधलेल्या ताली सोडल्या तर माती धरून ठेवणारे दुसरे काही नाही. मात्र दोन-तीन दिवसांत हे ध्यानात आले की, या बेटांचे सारे सौंदर्य पाण्याच्या आणि मातीच्या काटकसरीतूनच घडलेले आहे.

आपल्याकडून जाणारे बहुतेक प्रवासी सँटोरिनीचा सूर्यास्त पाहून परततात. सँटोरिनी सुंदर आहेच, पण माझ्या मते या समूहाचा प्राण डेलोसवर आहे. शेजारच्या मिकोनोस बेटाहून होडीने सुमारे अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. (मिकोनोसच्या पवनचक्क्या आणि गल्ल्या देखण्या आहेत, आम्ही तेथे एकच रात्र काढली आणि ती पुरेशी वाटली.) देवराज झ्यूसची पत्नी हेरा हिच्या कोपाने वणवण फिरणाऱ्या, झ्यूसपासून गरोदर असलेल्या लेटोला कोठेच थारा मिळेना, तेव्हा या इवल्याशा खडकाळ बेटाने तिला आसरा दिला आणि येथे अपोलो व आर्टेमिस या जुळ्यांचा जन्म झाला, अशी कथा आहे. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सवासीयांनी बेटावरील सर्व थडगी उकरून शेजारच्या रिनिया बेटावर हलवली आणि यापुढे डेलोसवर कोणी जन्म घेऊ नये व कोणी मरू नये, असा दंडक घातला. गरोदर स्त्रिया आणि अंथरुणाला खिळलेली माणसे होडीतून पलीकडे नेली जात.

पुढे इ.स.पू. १६६ मध्ये रोमने हे जकातमुक्त बंदर केले आणि देवाच्या बेटावर बाजार भरला. सीरियाचे, इजिप्तचे, इटलीचे व्यापारी आपापली दैवते घेऊन येथे राहिले. गुलामांचा मोठा व्यापारही याच धक्क्यावर चालत असे. अंबाबाईच्या देवळापासून महाद्वार रोडवर पाऊल टाकले की देव आणि बाजार वेगळे काढता येत नाहीत, हे आम्हा कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. त्यामुळे मंदिरांच्या अवशेषांना लागूनच असलेले व्यापाऱ्यांचे चौक मला परके वाटले नाहीत. इ.स.पू. ८८ आणि ६९ मधील हल्ल्यांनंतर हे नगर हळूहळू ओस पडले. आज संगमरवरी सिंहांच्या प्रतिकृतींची रांग, घरांच्या जमिनीवरील मोझेक चित्रे आणि नाट्यगृहाशेजारी दगडी कमानींनी तोललेली पाणी साठवण्याची प्रचंड टाकी पाहत आपण हिंडतो. ही टाकी मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. रात्री मुक्काम करण्यास प्रवाशांना आजही परवानगी नाही.

सँटोरिनी हे मुळात एका ज्वालामुखीचे फुटलेले कडे आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकात मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. त्याच राखेखाली अक्रोतिरी हे नगर दडून राहिले. १९६७ मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी तेथे उत्खनन सुरू केले. दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याची गटारे, भिंतींवरील रंगीत चित्रे सापडली, पण माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. लोक आधीच निघून गेले असावेत. वरच्या शेतांमध्ये द्राक्षवेल मांडवावर चढवत नाहीत, तर जमिनीलगत टोपलीसारखी गुंफतात, म्हणजे घड वाऱ्यापासून वाचतात आणि समुद्रावरून येणारा दमटपणा वेलीला मिळतो. येथील ‘फावा’ ही लाख डाळीच्याच कुळातील पिवळी डाळ शिजवून, घोटून, वर ऑलिव्हचे तेल आणि कांदा घालून देतात. शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही, आणि पत्नीने तर या डाळीला घट्ट वरणाचा मान दिला.

तिनोस बेटावर बंदरापासून चढणीच्या रस्त्याने मेरीमातेच्या चर्चपर्यंत भाविक गुडघ्यांवर रांगत जातात. १५ ऑगस्टला तेथे मोठी गर्दी होते. आम्ही गेलो तेव्हा एकच वृद्ध स्त्री जात होती. जोतिबाच्या डोंगरावर पाहिलेली दंडवते आठवून आम्ही दोघेही रस्त्याच्या कडेला थांबलो.

पारोस बेटावर आम्ही अडकलो. उत्तरेकडून येणारा ‘मेल्तेमी’ वारा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो, पण सप्टेंबरातही तो उठू शकतो आणि मग बोटींच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा, हे मी आग्रहाने सांगेन. त्या अडकलेल्या दिवशी पारोसच्या प्राचीन संगमरवरी खाणी पाहायला गेलो. त्या ठिकाणाचे नाव ‘मराथी’ आहे! आपल्या भाषेशी त्याचा संबंध नाही. ग्रीकमध्ये ‘माराथो’ म्हणजे बडीशेप, आणि मॅरेथॉन या गावाचे नावही त्यावरूनच आले आहे. तरीही रस्त्यावरील पाटी वाचताना अंगावर रोमांच उभे राहिले. येथील उत्तम दगड भुयारात दिव्यांच्या उजेडात काढला जाई, म्हणून त्याला ‘दिव्याचा दगड’ अशा अर्थाचे नाव होते. प्रकाश थोडा आत झिरपू देणारा हा दगड! याच समूहातील मिलोस बेटावर १८२० मध्ये सापडलेली आणि आता पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात असलेली व्हीनस देवीची मूर्ती पारोसच्याच संगमरवराची आहे. काळ्या पाषाणाची देवळे पाहत मोठे झालेले आम्ही दोघे त्या भुयाराच्या तोंडाशी कोरलेल्या, झिजलेल्या अप्सरांसमोर बराच वेळ उभे होतो. आत दिवे नाहीत आणि जमीन उताराची व निसरडी आहे. जाणार असाल तर चांगले बूट आणि प्रत्येकाजवळ स्वतंत्र बॅटरी असू द्या.